दिवा कुठे आणि स्टॉप कुठे

रात्री कामावरून सुटणाऱ्या बायकांच्या बसप्रवासाचा विषय चाललाय, आणि बसगाड्या वाढवल्या की निम्मा प्रश्न मिटेल, असं वर दोघातिघांनी म्हटलंय. गाड्या हव्यातच, पण नवी मुंबईच्या एमआयडीसी पट्ट्यात तेवढ्याने भागायचं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला रेल्वे आणि वस्ती. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. कायम नोकरीवाले कंपनीच्या बसमध्ये चढतात, कंत्राटी मात्र चालत स्टॉपवर येतात. आमच्या रबाळेच्या स्टॉपवर खांब आहे, दिवाही आहे, पण त्याचा उजेड रस्त्यावर पडतो आणि स्टॉपवर झाडाची सावली. मग बायका पुढच्या वडापावच्या गाडीपाशी उभ्या राहतात, कारण तिथे उजेड असतो. स्टॉपवर कुणी दिसत नाही म्हणून ड्रायव्हर गाडी दामटतो. धावत गेलं तर वर ऐकून घ्यायचं, "स्टॉपवर उभं राहायला काय होतं?"

कॅनडातल्या मॉन्ट्रियलला १९९६ पासून एक सोय आहे: रात्रीच्या बसमधल्या बाईने सांगितलं, तर ड्रायव्हर सुरक्षित जागा बघून दोन स्टॉपच्या मध्येही उतरवतो. त्याला नवी गाडी लागत नाही की टेंडर. आपल्याकडे रात्री दहानंतर चढण्या-उतरण्या दोन्हीसाठी हे करता येईल. वाहतूक कोंडीचं कारण कुणी पुढे करू नये, त्या वेळी रस्त्यावर ट्रेलरशिवाय असतं कोण? आणि हो, झाडाची फांदी छाटायचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा की परिवहनकडे, हे कुणाला माहीत असेल तर इथे लिहा.