पार्टिकल बोर्डातील स्क्रूची पकड कशी तपासावी?

प्रश्न (खानापूर):
आमच्याकडे 18 मिमी पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा चुरा चिकटद्रव्याने दाबून केलेल्या फळीची) कपाटे बनतात. यंदाच्या पावसाळ्यात एका दाराच्या बिजागरीचे स्क्रू भुशासकट निघून आले, आणि भोकात बोट घातल्यावर ओलसर चुरा हाती लागला. जोड किती ताण सोसेल, हे माल पाठवण्याआधी कसे मोजावे?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव):
दादा, भारतीय मानक 2380 मध्ये स्क्रू उपटण्याची चाचणी दिलेली आहे. स्क्रू सरळ रेषेत, मंद आणि एकसारख्या गतीने ओढून, तो सुटेपर्यंत लागलेले सर्वाधिक बल न्यूटनमध्ये नोंदवतात. पृष्ठभाग आणि कड यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण बोर्डाचा मधला थर भरड व विरळ असल्याने कडेची पकड बरीच कमी भरते, आणि कपाटाचे बहुतेक जोड नेमके तिथेच येतात.

उत्तर (निपाणी):
एवढ्याने जोडाची परीक्षा होत नाही. काटकोनी नमुना करून एक बाजू शिकंज्यात आवळा आणि दुसरीवर भार वाढवत न्या, जोडापासून 0.15 मीटर अंतरावर 200 न्यूटनला जोड सुटला, तर त्याने 30 न्यूटन-मीटर (बल गुणिले अंतर) सोसले. 7 मिमी कन्फर्मॅट स्क्रूसाठी (पार्टिकल बोर्ड जोडण्याचा जाड स्क्रू) 5 मिमीचेच भोक पाडा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. काही नमुने दमट हवेत ठेवून, कोरड्यांशी ताडून पाहतो.