तत्त्वज्ञानासाठी वर्षाला दहा लाख?

संगमनेरची_आई: लेकीला बारावीनंतर तत्त्वज्ञानच करायचंय. डोक्यात सोनीपतचं अशोका विद्यापीठ. राहण्याजेवणासकट वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातं. मी म्हणते पुण्यात फर्ग्युसनला घे, तिथेही विषय आहे आणि फी हजारांत. अशोकासाठी कर्ज काढावं लागेल. काढावं का?

रोखठोक: कर्ज? फिलॉसॉफीला? अहो, तत्त्वज्ञानाचे नामवंत प्राध्यापक मे. पुं. रेगे दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकवायचे. त्यांच्या वर्गात बसायला कुणी घर गहाण टाकलं नव्हतं. बीए स्वस्तात उरका, एमएला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पाठवा. पुढे जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) निघाली तर महिना ३७,००० मिळतात. पण ते पुढचं. डोक्यावर बीएचं कर्ज घेऊन पोरगी पीएचडीपर्यंत तग कशी धरणार?

तिसरा_बाक: रेगे सगळ्याच कॉलेजात नसतात हो. मी अशाच एका स्वस्त कॉलेजात शिकलो, नाव नको. तिसऱ्या वर्षी स्पेशलला आम्ही चौघं. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगायचे: पाच मुद्दे, दहा मार्क. खुद्द कांटचं एक पान तीन वर्षांत उघडलं नाही. एमएला पहिला निबंध दिला, तर बाईंनी समासात लाल शाईने सहा ठिकाणी एकच शब्द लिहून परत केला: ‘का?’ रात्रभर बसलो, दोनाचीच उत्तरं सापडली. अशोकात घरचं उत्पन्न बघून फीत सवलत देतात. तो अर्ज तरी भरा.

रोखठोक: आणि सवलत अर्धीच मिळाली तर? उरलेले पाच लाख दरवर्षी कोण भरणार? लाल शाई पुण्यातही मिळते.

तिसरा_बाक: मिळत असेल. मग विचारून घ्या ना. स्पेशलला (आता मेजर म्हणतात) खरंच किती मुलं उरतात, निबंध तपासून परत देता का.

पीजीवाला: दोनच पर्याय का धरलेत? दिल्ली विद्यापीठात हिंदू, मिरांडा हाउस, एलएसआरला (लेडी श्रीराम कॉलेज) फिलॉसॉफी ऑनर्स आहे. प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून. फी अशोकाच्या शेजारी ठेवली तर चिल्लर. खिसा कापते ती पीजी, म्हणजे राहायची भाड्याची खोली. सीयूईटी दिलीय का?

संगमनेरची_आई: दिलीय, निकाल यायचाय. सवलतीचा अर्जही भरतोय. आणि पुण्यातल्या मॅडमना दोन्ही प्रश्न मेल केले. गुरुवारी वर्गात बसायला या म्हणाल्या. लेकीने आत्तापासून वही काढून ठेवलीय.

रोखठोक: परत आलात की लिहा. मुलं मोजून या.