लॅबसाठी स्वस्तातलं लाईट क्युअर युनिट कुठलं घ्यावं? बजेट २०-२५ हजार

मिरज_लॅब
नमस्कार मंडळी. मिरजेत माझी छोटी डेंटल लॅब आहे, मी आणि हाताखाली दोन मुलं. आत्तापर्यंत स्पेशल ट्रे (पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचा ट्रे), बेस प्लेट (कवळीचा तात्पुरता पाया) सगळं कोल्ड क्युअरमध्येच, म्हणजे पावडर-लिक्विड कालवून, करत आलोय पण त्या लिक्विडच्या, मोनोमरच्या, वासाने एका मुलाचं डोकं धरतं, बोटांची कातडी पण सोलायला लागलीय त्याची, म्हणून आता लाईट क्युअर, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या, शीटवर जायचं ठरवलंय. शिवाय इथले दोन डॉक्टर कॉम्पोझिटचे (दाताच्या रंगाच्या रेझिनचे) इनले, म्हणजे दातातल्या खड्ड्यात बसवायचे तुकडे, आणि क्राऊन, म्हणजे दातावरची टोपी, करून द्याल का म्हणून मागे लागलेत. मला तीन गोष्टी दिसतायत, एक तर ऑनलाईन मिळतो तो नेल पॉलिशचा ४८ वॅटचा दिवा जो दोन हजाराच्या आत येतो, दुसरं निळ्या ट्यूबवालं ट्रे युनिट, तिसरं एका लॅबवाल्याकडचं जुनं हॅलोजनचं, तो काम बंद करतोय म्हणून विकतोय. डॉक्टर लोकांसारखा हातातला लाईट आहे माझ्याकडे, त्यावर ट्रे भागेल का? इकडे लाईट जायचा पण त्रास आहे. कुणी वापरत असाल तर खरं काय ते सांगा.

कोल्हापूर_सिरॅमिस्ट
दादा, वॅटच्या आकड्यावर जाऊ नका, तो फक्त वीज किती खातो ते सांगतो. बघायचं ते नॅनोमीटर, म्हणजे उजेडाची तरंगलांबी. आपल्या बहुतेक कॉम्पोझिटमध्ये आणि बऱ्याच ट्रे शीटमध्ये कॅम्फरक्विनोन असतं, म्हणजे उजेड पडला की मटेरियल कडक व्हायला सुरुवात करून देणारं रसायन (इनिशिएटर), तो पिवळट रंग दिसतो ना तो त्याचाच, आणि ते सगळ्यात जास्त प्रकाश खेचतं ४६८-४७० नॅनोमीटरच्या आसपास. नेलवाल्या दिव्यात साधारण ३६५ आणि ४०५ चे एलईडी असतात. तिथे कॅम्फरक्विनोन जेमतेम जागं होतं, म्हणजे वरून हात लावला तर कडक वाटेल आणि आतून कच्चं राहील, आणि हे कच्चं पेशंटच्या तोंडात जाणार आहे. काही मटेरियलमध्ये ४०० च्या आसपास चालणारे दुसरे इनिशिएटर असतात, त्यावर तो दिवा चालेलही, पण ते शीटच्या कागदावर लिहिलेलं असलं तरच.

ट्यूबवालं बघायला जाल तेव्हा ट्यूब बाहेर काढून तिच्या टोकाला छापलेला नंबर वाचा. फिलिप्सची असेल तर वॅटच्या पुढे तिरकी रेघ आणि मग आकडा असतो. /१० म्हणजे यूव्ही-ए, ३५० ते ४०० मधली. /५२ म्हणजे खरी निळी, ४५० च्या आसपास, कावीळ झालेल्या बाळाला ज्या उजेडाखाली ठेवतात त्यातली. पेटल्यावर दोन्ही निळ्याच दिसतात त्यामुळे डोळ्यावर विसंबून पैसे देऊ नका.

ट्रेवाली_नाशिक
माझं निम्मं काम ट्रेचंच आहे म्हणून तेवढंच सांगते. हातातल्या लाईटचं टोक ८-१० मिलिमीटरचं, त्याने अख्खा खालचा ट्रे फिरवत बसलात तर कुठे डबल होतं आणि कुठे सुटतं, नेमकं हॅण्डलच्या मुळाशी सुटतं आणि इम्प्रेशन (तोंडाचं माप) काढताना तिथेच मोडतं. तो लाईट शीट बसवल्यावर जागेवर पकडून ठेवायला वापरा, पक्कं करायला पेटीच पाहिजे. पेटीत बघायचं काय तर उजेड सगळ्या बाजूंनी येतो का, खाली आरसा किंवा फिरती थाळी आहे का. नसेल तर तुम्हाला दर वेळी उलटंपालटं करावं लागेल, चालतं ते पण विसरायचं नाही.

आणि वॅक्स स्पेसरवर (मापाच्या मटेरियलला जागा राहावी म्हणून मॉडेलवर लावतो त्या मेणाच्या थरावर) फॉईल लावा नाहीतर वॅक्स ट्रेच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं. एकदा क्युअर झाला की मॉडेलवरून काढायचा, गरम पाण्याने वॅक्स धुवायचं आणि आतली बाजू वर करून परत पेटीत. वरचा चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो, तो स्पिरिटने पुसला तरी जातो पण कॉम्पोझिटचं काम असेल तर शेवटच्या क्युअरच्या आधी ग्लिसरीन जेलचा थर द्या, फिनिशिंगमध्ये लगेच फरक दिसतो.

त्या मुलाबद्दल मात्र मनापासून सांगते, लाईट क्युअरमध्येही मेथॅक्रिलेटच आहे, म्हणजे त्या मोनोमरच्याच जातीचं रसायन. वास कमी येतो म्हणून बरं वाटेल पण ॲलर्जी असेल तर शीट उघड्या हाताने दाबली की परत तेच. पातळ लेटेक्स ग्लोव्हजमधून ते काही मिनिटांत आरपार जातं. नायट्राईल घ्या, लवकर लवकर बदला, ट्रिमिंगला मास्क आणि सक्शन ठेवा, आणि त्याला कातडीच्या डॉक्टरकडे पॅच टेस्टला (कातडीवरची ॲलर्जीची तपासणी) पाठवाच. युनिट आठ दिवस उशिरा आलं तर काही बिघडत नाही.

जुना_टेक्निशियन_पुणे
हॅलोजन वाईट नाही, त्याच्या उजेडाचा नॅनोमीटरचा पट्टा रुंद असतो त्यामुळे कॅम्फरक्विनोनचं काहीही चालतं. पण जुनं घेताना बल्बचा नंबर लिहून घ्या आणि तो बल्ब आज बाजारात मिळतो का ते आधी डीलरला विचारा, मगच सौदा. रिफ्लेक्टर धुरकट झालाय का, पंखा नीट फिरतो का, बल्बच्या काचेवर फुगवटा आहे का हे झाकण उघडून बघा. बल्ब पेटतो म्हणजे चांगला असं नसतं, उडण्याच्या कितीतरी आधी त्याचा उजेड पडलेला असतो. गरमही होतं, वॅक्स मऊ पडतं. आणि इन्व्हर्टरवर हॅलोजन ओढणं अवघड, तिथे एलईडी पेटी निवांत चालते.

कुठलंही घ्या, पैसे द्यायच्या आधी एक टेस्ट करा. स्टीलच्या नळीचा तुकडा, आतून ४ मिलिमीटर रुंद आणि ८-१० लांब, काळ्या कागदावर उभा करून त्यात तुमचंच कॉम्पोझिट ठासून भरा, वरून उजेड द्या कंपनीने सांगितला तेवढा वेळ, मग ढकलून बाहेर काढा आणि खालचा मऊ भाग प्लॅस्टिकच्या स्पॅच्युलाने खरवडून टाका. उरलेल्याची उंची व्हर्नियरने मोजा आणि निम्मी धरा. आयएसओ ४०४९ या डेंटल रेझिनच्या आंतरराष्ट्रीय मानकात डेप्थ ऑफ क्युअर, म्हणजे उजेडाने किती खोलवर कडक होतं ते, असंच काढतात. तुम्ही २ मिलिमीटरचे थर देणार असाल आणि उत्तर सव्वा-दीड येत असेल तर ते युनिट तिथेच ठेवून या.

मिरज_लॅब
खूप आभार सगळ्यांचे, ताई मुलाला उद्याच पाठवतो दवाखान्यात. नेलवाला कटाप. अजून एक, पुढेमागे थ्रीडी प्रिंटर घ्यायचाय, तर तेव्हा हीच पेटी प्रिंटच्या पोस्ट क्युअरला (छापल्यावर उजेड देऊन पक्कं करायला) चालेल का?

कोल्हापूर_सिरॅमिस्ट
बहुतेक प्रिंट रेझिन ३८५ किंवा ४०५ वर चालतात, तुमची ४५०-४७० ची पेटी त्यांना पुरणार नाही. दोन्ही पट्ट्यांचे एलईडी असलेल्या पेट्या येतात, बजेटमध्ये बसली तर बघा. पण सर्जिकल गाईड (ऑपरेशनच्या वेळी दातांवर बसवायचा साचा), स्प्लिंट (दातांवर घालायची पट्टी) असं तोंडात जाणारं काही छापणार असाल तर रेझिनवाल्या कंपनीने कुठलं युनिट आणि किती मिनिटं सांगितलीत तेच पाळायचं, तिथे काटकसर नको. आत्ता तुमचं काम ट्रे आणि कॉम्पोझिटचं आहे तर सगळीकडून उजेड देणारी निळी एलईडी पेटी घ्या, पक्कं बिल घ्या, आणि दोन्ही मुलांना नारंगी चष्मे आणा, पेटीचं झाकण अर्धवट उघडं ठेवून काम करायची सवय सगळ्यांनाच लागते.

जुना_टेक्निशियन_पुणे
त्या लॅबवाल्याच्या हॅलोजनचा मॉडेल नंबर इथे टाका, बल्ब मिळतो का ते मी इकडच्या डीलरकडे विचारून सांगतो.