मदत हवी आहे: शिमग्यात रात्री नाचत्या पालखीचे फोटो, फ्लॅश कसा ठेवू?

मंडळी, शिमग्याला गावी (गुहागरकडे) जातोय, ह्या वेळी तरी रात्रीचे फोटो धड यावेत म्हणून आधीच विचारतोय. एंट्री लेव्हल डीएसएलआर, १८-५५ किट लेन्स, ५० एमएम १.८, पॉपअप फ्लॅश आणि मावसभावाचा डोकं फिरणारा बाहेरचा फ्लॅश मिळेल.

सहाणेवर (गावात पालखी ठेवतात तो चौथरा) उजेड म्हणजे दोन-चार हॅलोजन, बाकी काळोख. ऑटोवर ठेवलं की खांदा दिलेल्या माणसाचं तोंड पांढरंफटक आणि मागचे ढोलवाले, देऊळ सगळं गायब, त्यात देवीची रुपं (पालखीतले मुखवटे) चांदीची, फ्लॅश थेट पडला की नाक-डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा डाग. फ्लॅश बंद केला तर शटर १/८ वगैरे होतं, पालखीचा फराटा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वरचे फोटो बघून आई म्हणाली, ह्यावर रवा सांडलाय का!

मला पालखी हललेली दिसायला हवी पण रुपं शार्प. स्लो सिंक, रिअर कर्टन वाचलंय पण डोक्यात बसत नाही. आणि सगळे सांगतात फ्लॅश छताकडे वळवा, अहो सहाणेवर छत कुठून आणू, वर आभाळ! शिवाय नाचणाऱ्याच्या डोळ्यात सारखा फ्लॅश मारणं बरं वाटत नाही.

प्रतिसाद १:
ऑटो सोड, एम (मॅन्युअल) वर ये. शटर १/३०, एफ ४, आयएसओ १६००, फ्लॅश टीटीएलवर (कॅमेरा स्वतः फ्लॅशचा जोर ठरवतो), फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन उणे १, म्हणजे जोर थोडा कमी. लांब शटर मागचा उजेड गोळा करतं, फ्लॅश क्षणभर पेटून पुढचं गोठवतो, हाच स्लो सिंक. रिअर कर्टनमध्ये तोच फ्लॅश शटर बंद होता होता पेटतो, त्यामुळे उजेडाची रेघ पालखीच्या मागे राहते, नाहीतर पालखी उलटी चालल्यासारखी दिसते. पॉपअपचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला एफने भागलं की पोच मीटरमध्ये) १२ धरला तर आयएसओ १०० ला एफ ४ वर पोच ३ मीटर, १६०० ला १२ मीटर, तेव्हा आयएसओला घाबरू नकोस.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, पण रुपांवर समोरून फ्लॅश नकोच. बाजूला उभे राहा, ट्रिगर (फ्लॅश लांबून पेटवणारं यंत्र) मिळाला तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून कोणा पोराच्या हातात तिरका धरायला द्या, डोळ्यांचा प्रश्नही सुटेल. हॅलोजन पिवळा नि फ्लॅश पांढरा, म्हणून फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स टंगस्टन (पिवळ्या दिव्याचा) ठेवा. होमाजवळ मात्र फ्लॅश बंदच, धूर तेवढा पांढरा उजळतो.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, आज अंगणात भाच्याला नाचवून बघतो. जेल चिपळूणला मिळेल का माहीत नाही, चॉकलेटचा नारिंगी पारदर्शक कागद चालेल?

प्रतिसाद २:
चालतो, रंग थोडा इकडेतिकडे होईल. फक्त फुल पॉवरवर लागोपाठ मारू नका, काचेला चिकटतो.