दिलगिरी, माफी की भरपाई? गुलामगिरीतून कमावलेल्या कंपन्यांबद्दल लिहिताना

प्रश्न : गुलामगिरीतून पैसा कमावलेल्या कंपन्या आता जाहीर निवेदनं काढतात. त्यांना 'दिलगिरी' म्हणावं की 'माफी'? आणि सोबत जाहीर होणाऱ्या रकमेला 'भरपाई' चालेल का?

प्रतिसाद : ताई, सरसकट एकच शब्द नको. वर्तमानपत्रात नाव चुकलं तरी 'दिलगीर आहोत' छापतात. त्यात फक्त वाईट वाटल्याचं सांगणं आहे. माफी मागणाऱ्याला आधी कृत्य कबूल करावं लागतं. एटना या अमेरिकी कंपनीने १८५० च्या दशकात गुलामांच्या आयुष्याचे विमे उतरवले होते. माणूस मेला की पैसे मालकाला. २००० साली कंपनीने खेद व्यक्त केला, त्यापुढे काही देणं लागत नाही अशी भूमिका घेतली. इथे 'दिलगिरी'च लिहा.

जेपीमॉर्गन चेस या अमेरिकी बँकेने मात्र २००५ मध्ये माफी मागितली. पुढे तिच्यात विलीन झालेल्या, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० माणसं कर्जाला तारण म्हणून घेतली होती. कर्ज बुडाल्यावर त्यांतल्या सुमारे १,२५० जणांची मालकी बँकांकडेच आली. 'तारण' हा आपला रोजचा शब्द तिथे माणसांना लागला होता, हे वाचकाला दिसलंच पाहिजे. 'गुलामगिरीशी संबंध' एवढंच लिहून सोडू नका. आणि हा तपशील बाहेर आला तो, शहराशी करार करणाऱ्या कंपन्यांनी गुलामगिरीशी असलेला आपला जुना संबंध उघड करावा, या शिकागो शहराच्या नियमामुळे, हेही लिहा.

दुसरा प्रतिसाद : 'भरपाई'ला माझा ठाम विरोध आहे. ब्रिटनने गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना! राबलेल्यांना एक पैसाही नाही. ग्रीन किंग या मद्य कंपनीचे संस्थापक बेंजामिन ग्रीन यांनीही ती घेतली. २०२० मध्ये कंपनीने ते अक्षम्य असल्याचं म्हटलं. त्याच सुमारास लॉइड्स ऑफ लंडन या विमा बाजारानेही माफी मागितली आणि २०२३ मध्ये ५.२ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातले पैसे गुलामांच्या वंशजांच्या हाती थेट जात नाहीत. मग ती भरपाई कशी? गुंतवणूक असेल तर गुंतवणूक म्हणा, जेपीमॉर्गनसारखी शिष्यवृत्ती असेल तर शिष्यवृत्ती. वंशज मागतात ती 'नुकसानभरपाई'; तो शब्द त्यांच्या मागणीसाठीच राखून ठेवा.

प्रश्नकर्ती : पटलं. आता वाक्य असं करते : 'बँकेने माफी मागितली व लुइझियानातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ५० लाख डॉलरच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या.'