लग्नात नीळ, पारवा आणि तांबूस: ही रंगसंगती जमेल का?

नीलवर्णा (प्रश्न)

माझे लग्न येत्या फेब्रुवारीत नाशिकला आहे. मुहूर्त सकाळचा असून स्वागतसमारंभ त्याच संध्याकाळी, त्याच कार्यालयाच्या लॉनवर होणार आहे. लाल, राणी आणि मोरपंखी हे नेहमीचे रंग मला नको आहेत, आणि अलीकडे जिथेतिथे दिसणारा फिकट गुलाबीही नको आहे. गडद नीळ, राखाडीकडे झुकणारा पारवा आणि घासलेल्या तांब्याचा रंग या तिघांभोवती दिवसभराची योजना करावी असे मनात आहे. होणाऱ्या नवऱ्याला कल्पना आवडली आहे आणि आईची हरकत नाही. आत्याचे मात्र म्हणणे असे की गडद निळा हा काळ्यातच जमा होतो, आणि मंगलकार्यात काळे कोणी नेसत नाही.

विधींच्या वेळी या रंगांना कितपत जागा देता येते, पारव्या रंगाची पैठणी तयार मिळते की विणून घ्यावी लागते, आणि सजावटीतल्या फुलांचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. मांडववाल्याने रंगात बुडवलेली निळी ऑर्किड सुचवली आहेत. ती मला पसंत नाहीत.

सदाशिवपेठी काकू

तुम्ही तीन रंग मोजले आहेत, पण लग्नात ते तीनच राहणार नाहीत. गौरीहर पुजताना तुम्ही पिवळी अष्टपुत्री नेसाल, हातात हिरवा चुडा असेल, कपाळावर कुंकू, अंगावर सोने आणि सकाळी लागलेल्या हळदीचा पिवळेपणा असेल. हे रंग कोणी निवडत नाही, ते घरात आधीपासूनच ठरलेले असतात. त्यामुळे खरा प्रश्न नवे रंग कोणते घ्यावेत हा नसून, या ठरलेल्या रंगांशेजारी ते कसे दिसतील हा आहे.

या कसोटीवर तुमची नीळ उत्तम उतरते. पिवळ्याशेजारी आणि सोन्याखाली गडद निळ्याइतका उठाव दुसरा कोणताही रंग देत नाही. पारव्याचे तसे नाही. त्यात हिरवट झाक असेल तर हिरव्या चुड्याशेजारी तो मळका वाटतो. किंचित निळसर किंवा जांभळट झाक असेल तर चुडा उलट अधिक ताजा दिसतो. कापड निवडताना चुड्यातल्या दोन बांगड्या सोबत न्या आणि त्यावर ठेवून पाहा. तांबूस रंग कुंकवाच्या फार जवळ गेला तर दोघांचेही तेज जाते, म्हणून तो काठापदरापुरता किंवा उपरण्यापुरता ठेवावा असे मला वाटते.

आता आत्याबाईंविषयी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आपणच सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतो, मंगळसूत्रातले मणी काळेच असतात, आणि जुन्या पैठण्यांमध्ये लाल काठाची काळी चंद्रकळा आणि पांढरे शुभ्र शिरोदक हे दोन्ही प्रकार मानाचे होते. हे सगळे खरे असले तरी आत्याबाईंपुढे युक्तिवाद म्हणून मांडू नका. संक्रांत थंडीतली आणि तिचा संकेत वेगळा. लग्नविधीला तो दाखला लागू पडत नाही हे त्यांना ठाऊक असणारच, आणि वादात त्या जिंकतील. त्यापेक्षा अष्टपुत्री, चुडा आणि मुंडावळ्या जशाच्या तशा ठेवा, आणि सप्तपदीसाठी शालू बदलून याल तेव्हा नीळ आणा. सगळे जुने जागेवर दिसले की एका नव्या रंगाला सहसा कोणी अडवत नाही.

येवल्याचा मागकरी

पारव्या पैठण्या तयार मिळतात, पण थोड्या. आणि तुम्ही म्हणता तशी नेमकी झाक हवी असेल तर विणून घेणेच बरे. मी एक वेगळा मार्ग सुचवतो. पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाँव साधते, म्हणजे निऱ्या हलतील तसा रंग बदलत राहतो. निळ्या ताण्यावर तांबूस बाणा घेतला तर अंगात दोन्ही रंग खेळतील आणि काठपदर पारवा ठेवता येईल. तिन्ही रंग एकाच साडीत आले म्हणजे बाकी सजावटीवरचा भार पुष्कळ हलका होतो. रुपेरी जर घेण्याचा मोह होईल, पण अंगावर सोने असणार आहे, म्हणून जर सोनेरीच ठेवावी.

वेळेचा हिशेब मात्र आधी करा. रेशीम बहुतेक कर्नाटकातून येते आणि जर सुरतेहून. सूत एकदा रंगवून मागावर चढले की मध्येच झाक बदलता येत नाही. साधा पदर असेल तर काही आठवड्यांत काम होते, पण मोर आणि वेलबुट्टीचा भरगच्च पदर असेल तर काही महिने जातात. फेब्रुवारीचे लग्न असेल तर मागणी दिवाळीच्या पुष्कळ आधी नोंदवलेली असावी. पैसे देण्यापूर्वी रंगवलेल्या सुताची लडी मागून घ्या, नुसत्या मोबाइलवरच्या छायाचित्रावर होकार देऊ नका. आणि हातमागाचीच साडी आहे ना, हे पाहण्यासाठी पदर उलटून बघा: खऱ्या विणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, तर यंत्रमागाच्या बहुतेक साड्यांत मागे तरंगते धागे असतात.

अक्षता आणि कॅमेरा

लग्नांची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून फक्त उजेडाविषयी लिहितो. गडद निळे रेशीम सकाळच्या उन्हात निळेच दिसते, पण संध्याकाळी लॉनवरच्या पिवळसर दिव्यांखाली ते जवळजवळ काळे होते, आणि मग आत्याबाईंचे म्हणणे छायाचित्रांत खरे ठरते. तेव्हा स्वागतसमारंभासाठी एक तर निळ्याची थोडी उजळ छटा घ्या, किंवा त्या वेळी पारवा पुढे आणून नीळ नवरदेवाच्या शेरवानीकडे द्या.

दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नये. साडी दारापर्यंत नेऊन दिवसाच्या उजेडात बघण्याची आपल्या आयांची सवय अगदी योग्य होती. कार्यालयवाल्याला सांगून व्यासपीठावर 90 पेक्षा अधिक सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप) असलेले दिवे लावून घ्या, कारण स्वस्त एलईडीखाली कुंकू विटकरी दिसते. रंगसंगती निळी आहे म्हणून निळे दिवे मात्र कृपा करून लावू नका. त्यांच्याखाली हळद मळकट दिसते आणि माणसे आजारी वाटतात. मांडवाच्या कापडाचाही विचार करा. दुपारी उन्हातून गाळून आलेला कापडाचा रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर उतरतो. वरचे छत पांढरे किंवा मोतिया ठेवावे आणि नीळ फक्त बाजूच्या पडद्यांत आणावी.

ऑरेंजसिटी

आमच्या घरची लग्ने बौद्ध पद्धतीने होतात. वधू आणि वर दोघेही पांढऱ्या वस्त्रांत, भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर, त्रिशरण-पंचशील घेऊन. माझ्या काही मैत्रिणींच्या घरी नवरी पांढरी नेसते हे ऐकून आजही भुवया उंचावतात, तर आमच्याकडे लाल शालू नेसलेली नवरी वेगळी दिसेल. तेव्हा वेगळा रंग म्हणजे नक्की कोणाच्या घरात वेगळा, हे आधी पाहावे. सासरची मंडळी काय म्हणतात, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. तेही विचारून घ्यावे.

फिक्या कपड्यांचा आम्हाला सराव असल्याने एक गोष्ट जाता जाता सांगते. हळदीचा डाग साबणाने चोळला की तो लाल होतो, कारण साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो. पारव्या रेशमावर हळद सांडली तर चोळू नका, पाणी लावू नका, कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि ड्रायक्लीनिंगवाल्याला डाग कशाचा आहे ते स्पष्ट सांगा. सुती कपड्यावरचा डाग उन्हात बराच फिका पडतो, पण रेशीम उन्हात ठेवू नये.

नीलवर्णा

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना आजच विचारले. त्यांना निळ्याची अडचण नाही, परंतु नवरदेवाच्या अंगावर विधींच्या वेळी सोवळेच हवे असे त्यांनी सांगितले, आणि ते मला मान्य आहे. धूपछाँव पैठणीची कल्पना घरात सगळ्यांना पटली. आत्याने तर पदरावर मोर हवेत अशी अट घातली आहे. फुलांचा प्रश्न अजून तसाच आहे. शिवाय करवल्यांनी आणि पाहुण्यांनीही याच रंगांत यावे, असे पत्रिकेत छापावे का?

फुलबाग

पत्रिकेत छापू नका. करवल्यांना निळा सांगा, कारण तो बहुतेकींच्या कपाटात असतो. काका-मामांना पारवा सदरा शिवायला लावणे हा निव्वळ खर्च आहे, आणि सगळा मांडव एका रंगात आला तर तुमची साडीच हरवेल.

फुलांबाबत तुमचा नकार योग्य आहे. रंगवलेल्या ऑर्किडचा रंग दमट हाताला लागतो, आणि हारात वापरली तर रेशमावर उतरतो. आपल्याकडे सहज दिसणारे खरे निळे फूल म्हणजे गोकर्ण, पण तोडल्यावर ते लवकर मिटते, म्हणून सजावटीला निरुपयोगी आहे. निळा रंग कापडात आणि मातीच्या भांड्यांत ठेवा, आणि फुले पांढरी घ्या: निशिगंध, पांढरी शेवंती, शिवाय थोडे जांभळे ॲस्टर. झेंडू पूर्ण वगळू नका. दारावरच्या तोरणात आंब्याच्या पानांबरोबर केशरी झेंडू असला की तांबूस रंगाची सुरुवात तिथूनच होते, आणि आत्याबाईंनाही दार ओळखीचे वाटेल.

तांबूस रंगासाठी मुळात फुले शोधूच नयेत. घरातली आणि नातेवाइकांकडची तांब्याची घंगाळे, कळश्या, तामणे एकत्र करा. घंगाळात पाणी भरून त्यात शेवंती सोडली की प्रवेशद्वाराचे काम झाले, आणि रुखवतही त्याच भांड्यांभोवती मांडता येईल. भांडी आदल्या संध्याकाळी चिंच-मिठाने घासून, लगेच कोरडी पुसून ठेवावीत. ओली राहिली तर सकाळपर्यंत काळे डाग पडतात. आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवा, नाहीतर लग्नानंतर कळश्यांच्या अदलाबदलीत आठवडा जाईल.