मदत हवी आहे: लायसन्सवर नाव माझं, मी दुकानात नसताना दिलेल्या औषधाची जबाबदारी कोणाची?

नमस्कार. डी.फार्म. झाल्यावर राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी केली आणि गेले दहा महिने तालुक्याच्या गावी एका मेडिकलमध्ये नोकरी करतेय. प्रश्न जरा लांबलाय, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेदहा उघडं असतं. माझी वेळ नऊ ते सहा. लायसन्सवर रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून एकट्या माझं नाव आहे, सर्टिफिकेटही काउंटरमागच्या भिंतीवर लावलंय. पण खरी गर्दी होते संध्याकाळी सातनंतर, दवाखाने सुटायला लागले की. तेव्हा काउंटरवर मालकांचा पुतण्या असतो आणि पंधरा वर्षं तिथे काम करणारे एक काका. दोघांपैकी कोणीही फार्मासिस्ट नाही. काकांबद्दल मला मनापासून आदर आहे. कुठल्या खणात काय आहे ते त्यांना न बघता सांगता येतं, डॉक्टरांचं अक्षर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं लागतं. मी नवीन होते तेव्हा त्यांनीच मला सांभाळून घेतलं.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी एक मावशी आल्या. तोंड पूर्ण आलं होतं, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येत होतं. म्हणाल्या, "या गोळ्या सुरू केल्यापासून असं होतंय." त्यांनी पिशवीतून दोन स्ट्रिपा काढल्या. एक मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम, दुसरी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. मेथोट्रेक्सेटच्या पाठीमागे बॉलपेनने "1-0-0" (म्हणजे रोज सकाळी एक) लिहिलेलं, फॉलिक ॲसिडच्या मागे "फक्त रविवारी". चिठ्ठीत बरोबर उलट होतं. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, त्या सहा दिवस रोज घेत होत्या. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. मावशींना दाखल करावं लागलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप खाली आल्या होत्या. आता त्या घरी आहेत, बऱ्या आहेत. पण बिलावरची वेळ मी विसरू शकत नाही. संध्याकाळचे 7:40. मी तेव्हा घरी पोळ्या लाटत असेन.

त्यानंतर मला आणखी एक गोष्ट टोचायला लागली. रोज सकाळी आदल्या संध्याकाळची बिलं माझ्यासमोर येतात. त्यातली एच-वनची औषधं (शेड्यूल एच-वन, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी) मी रजिस्टरमध्ये चढवून सही करायची. सात-आठ महिने मी निमूट केलं. अल्प्राझोलामच्या (झोपेची गोळी) काही बिलांना चिठ्ठीच नसते, पुतण्या सांगेल ते डॉक्टरांचं नाव लिहायचं. गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा नाही म्हणाले. मालक चिडले नाहीत, पण म्हणाले, "तुमचं नाव लागतं म्हणूनच तर पगार देतो ना." माणूस म्हणून ते वाईट नाहीत. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला पगारी सुट्टी दिली होती. म्हणूनच जीव कात्रीत सापडलाय.

मला एवढंच कळून घ्यायचंय. सहानंतर जे दिलं जातं त्याला मी जबाबदार धरली जाते का? काकांसारख्या मदतनीसाने कायद्याने नेमकं काय करावं? आणि आधी केलेल्या सह्यांचं काय करू?

प्रतिसाद

मी औषध निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे कायद्याच्या बाजूने सांगतो.

औषधे नियम 1945 मधला नियम 65(2) तुमच्या प्रश्नाचा पाया आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध किरकोळ दुकानात रजिस्टर्ड फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या वैयक्तिक देखरेखीखालीच द्यायचं असतं. वैयक्तिक देखरेख म्हणजे फार्मासिस्ट त्या वेळी दुकानात हजर. भिंतीवरची फ्रेम देखरेख करत नाही. फार्मसी कायदा 1948 चं कलम 42 तर आणखी सरळ आहे: नोंदणी नसलेल्या माणसाने चिठ्ठीवरचं औषध देणं हाच गुन्हा. 2023 च्या जनविश्वास कायद्याने त्यातला दंडही बराच वाढवलाय. म्हणजे सहानंतरचा पहिला दोष औषध देणाऱ्याचा आणि लायसन्सधारक मालकाचा. नियम 66 खाली दुकानाचं लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकतं, ते यासाठीच.

पण "मी तर घरी होते" एवढ्यावर तुम्ही सुटत नाही, ताई. फार्मसी कायद्याचं कलम 36 वाचा. फार्मासिस्टांच्या नोंदणी-रजिस्टरमधून नाव काढण्याच्या कारणांमध्ये, तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाचा गुन्हा किंवा गैरवर्तन हेही एक कारण आहे. त्याला पुढे अटी आहेत, आणि त्यातली महत्त्वाची म्हणजे त्यात तुमची फूस होती किंवा तुम्ही जाणूनबुजून कानाडोळा केला होता का. आजपर्यंत कदाचित तुम्हाला नीट माहीत नव्हतं असं म्हणता येईल. हा धागा लिहिल्यावर तसं म्हणता येणार नाही. म्हणून जे काही सांगायचं ते मालकांना लेखी सांगा, तोंडी नको.

एच-वनबद्दल. हे शेड्यूल मार्च 2014 पासून लागू झालं, ते प्रामुख्याने प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी. त्यात क्षयाची औषधं आणि झोपेची, गुंगीची काही औषधंही आहेत. नोंद औषध देतानाच व्हायला हवी: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याची संख्या. रजिस्टर तीन वर्षं जपायचं आणि तपासणीला आलेल्याला दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंदाजाने भरलेली नोंद ही नोंदच नव्हे. अल्प्राझोलाम तर एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालीही येतं, तिथे खोटं नाव लिहिणं फार महागात पडतं.

मावशींच्या बाबतीत जीवावर बेतलं असतं तर भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल होऊ शकला असता. घाबरवायला सांगत नाही. तुम्ही त्या सकाळी स्ट्रिप उलटून पाहिलीत, हेच फार्मासिस्टचं काम.

प्रतिसाद

माझं स्वतःचं मेडिकल आहे, मी बी.फार्म. आहे. मदतनीसांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण काकांसारख्या माणसांशिवाय कुठलंच दुकान चालत नाही, आणि त्यांना नुसतं "हात लावू नका" म्हणणं अन्यायाचं आहे.

आमच्याकडे मदतनीस माल उतरवतात, बॅच आणि एक्सपायरी पाहून लावतात, शॉर्टबुक (संपत आलेल्या मालाची यादी) लिहितात, बिल करतात, चिठ्ठीवरचं औषध खणातून काढून टोपलीत ठेवतात. टोपली आणि चिठ्ठी माझ्यासमोर येते. मी नाव, ताकद, मात्रा, रुग्णाचं वय जुळवते, स्ट्रिपवर मात्रा मीच लिहिते आणि रुग्णाशी मीच बोलते. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारखेचा शिक्का मारायचा. तो नियमच आहे, म्हणजे तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चालत नाही, डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तरच. बँडेज, ओआरएस, थर्मामीटर मदतनीसांनी दिलं तर माझी काहीच हरकत नसते.

आणखी एक, बदली औषधाचं. "तीच गोळी आहे हो, कंपनी वेगळी" हे वाक्य काउंटरवर दिवसातून वीसदा ऐकू येतं. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच किंवा एक्सच्या (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्या) औषधाऐवजी दुसरं देण्याची मुभा नियम 65(11ए) देत नाही, घटक तोच असला तरीही. डॉक्टरांना फोन करा, ते नवीन लिहून देतील.

मेथोट्रेक्सेटसाठी माझी सवय सांगते. मी वार विचारते, "कुठल्या दिवशी घेणार?" आणि तो वार ठळक अक्षरांत स्ट्रिपवर लिहिते. मग त्यांच्याकडूनच पुन्हा म्हणवून घेते. गेल्या आठ वर्षांत दोनदा असं झालं की रुग्ण म्हणाला, "रोज ना?" तिथेच थांबवता आलं.

प्रतिसाद

ताई, असं सगळीकडेच चालतं. तुम्ही सोडलीत तर उद्या दुसऱ्या कोणाचं सर्टिफिकेट लागेल, दुकानाला काही फरक पडणार नाही. नोकरी घालवू नका, एवढंच.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. शेवटच्या प्रतिसादाला आधी उत्तर देते, कारण आई-बाबाही हेच म्हणत होते. दुसऱ्याचं सर्टिफिकेट लागेल हे खरं असेल. पण ती 7:40 ची वेळ माझ्या नावावर पडलीय, दुसऱ्याच्या नाही. मावशींची मुलगी परवा दुकानात आली आणि माझ्याच हातात चिठ्ठी देऊन म्हणाली, "आता तुम्हीच द्या." मला ते वाक्य रात्रभर पुरलं.

काल मालकांना पत्र दिलं, दोन प्रती, एकीवर पोच म्हणून त्यांची सही घेतली. लिहिलंय की सहानंतर चिठ्ठीवरची औषधं द्यायची असतील तर दुसरा फार्मासिस्ट नेमा किंवा माझी वेळ बदला, आणि मी स्वतः न दिलेल्या एच-वनच्या नोंदीवर सही करणार नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग पुतण्याला बोलावून एवढंच म्हणाले, "आजपासून झोपेच्या गोळीचं बिल चिठ्ठीशिवाय नाही." माझी वेळ तात्पुरती दुपारी एक ते रात्री दहा केलीय. सकाळी काय करायचं हा प्रश्न आता उलट्या बाजूने उभा राहिलाय, पण दुसऱ्या फार्मासिस्टची चौकशी सुरू केलीय म्हणतात. काकांना मी टोपलीची पद्धत सांगितली. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "त्या मावशींच्या स्ट्रिपवर मीच लिहिलं होतं, पोरी." मला काय बोलावं सुचेना. संध्याकाळी त्यांनी पहिली टोपली स्वतः माझ्यासमोर आणून ठेवली.

आता शेवटचं. नोकरी सोडायची वेळ आलीच तर लायसन्सवरून नाव कसं काढायचं? आणि रजिस्टरच्या त्या जुन्या पानांवर काही शेरा लिहू का?

प्रतिसाद (निवृत्त औषध निरीक्षक)

जुन्या पानांना हात लावू नका. खाडाखोड नको, पान फाडणं नको, मागची तारीख घालून शेरा तर अजिबात नको, त्याने जुनी चूक नव्या गुन्ह्यात बदलते. कालच्या पत्राची पोच जपून ठेवा, आणि त्या सह्यांबद्दल एखाद्या वकिलाला सगळं खरं सांगून सल्ला घ्या.

सोडायचं ठरलं तर राजीनामा लेखी द्या आणि त्याची एक प्रत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयात त्याच दिवशी देऊन पोच घ्या. फार्मासिस्ट बदलल्याचं एका महिन्यात कळवणं लायसन्सच्या अटींप्रमाणे मालकांचं काम आहे, पण त्यांच्यावर विसंबू नका. आणि निघताना भिंतीवरचं मूळ सर्टिफिकेट काढून घेऊन जा. ते तिथे राहिलं तर लोक तुमचं नाव वाचूनच औषध घेत राहतील.